नत्थूच्या कानातलं तेल

ता. ५ जानेवारी १९३७, मंगळवार

घाण्यातली तेल पिळणारी लाकडी लाट मोडली! भर दुपारी. काडकन असा आवाज झाला की बैल दावं तोडायला निघाला, शेजारची कुत्री पळाली, सूनबाईच्या हातचं पिठाचं ताट सांडलं. आणि आमचा नत्थू? झोळीत झोपलेला! घाण्यापासून झोळी दहा पावलांवर आहे. पापणीसुद्धा हलली नाही. असं गुणी लेकरू साऱ्या सक्करदऱ्यात एक दाखवा!

हे म्हणाले, "अवं, इथं लाट मोडली अन् तुले नातवाचं कौतुक सुचून राहिलं?" सुचणारच. लाट काय, सुतार दुसरी करून देतो. नातू सुतार करून देत नाही.

ही वही यमुताईंची. त्या मुलींच्या शाळेत शिकवतात, पलीकडच्या आळीत राहतात. दुपारी आम्हा बायकांना ओसरीवर बसवून अक्षरं गिरवायला लावतात. मला बाराखडी यायला दोन पावसाळे लागले. परवा म्हणाल्या, रंभाबाई, रोज चार ओळी लिहा, हात वळेल. आणि वहीत मला लिहायचं, मले नाही. मी म्हटलं, काय लिहू? म्हणाल्या, घरात जे होते ते. घरात नत्थू होतो, दुसरं काय!

नत्थू माझ्या देवरावचा. नवसाचा. नाक टोचून नथ घातली म्हणून नत्थू. सोळा महिन्यांचा झाला. त्याला न्हाऊ मीच घालते. या आळीतली अर्धी लेकरं माझ्या पायांवर न्हालेली आहेत, बोलावणं आलं की मी जाते, नाही म्हणत नाही. नत्थू आता पायांवर मावत नाही, पण मी मावून घेते. तेल आपल्या घाण्याचं, तिळाचं, लसूण-ओवा घालून कडवलेलं. टाळूवर पळीभर, अंगाला वाटीभर, आणि कानात कान भरेस्तोवर. मग फुंकर. मग दुसरा कान. त्याचे कान पाचव्या महिन्यापासून वाहतात. ते बरंच. डोक्यातली उष्णता वाहून जाते. देवरावचेही वाहायचे.

चार ओळी म्हणता म्हणता पान भरलं!

ता. ८ जानेवारी, शुक्रवार

नत्थू भिंत न धरता उभा राहिला! तीन मोजेपर्यंत. मग धपकन बसला. तो हसला, मी रडले.

ता. १७ जानेवारी, रविवार

लिहू नये वाटतं. तरी लिहिते. कोणाला सांगू?

आज नत्थूचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी. किती गोड दिसत होता! आळीतली आठ-दहा लेकरं बोलावली. मी त्याच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या ओतल्या आणि लेकरं तुटून पडली. समोरच्या इंदुताईची प्रेमलता आमच्या नत्थूपेक्षा तीन महिन्यांनी लहान. ती बोट दाखवून मला म्हणाली, "आजी, बो दे!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. नत्थूच्या तोंडातून अजून "आ" निघत नाही. मी म्हटलं, "आमचा राजा आहे, राजे कमी बोलतात."

तेवढ्यात यमुताईंच्या हातून पितळी परात पडली. फरशीवर! नत्थूच्या पाठीमागं, एका हातावर. दोन लेकरं भोकाड पसरून रडली. प्रेमलता आईच्या पदरात शिरली. नत्थू बोरं वेचत होता. मान वळली नाही. एक बोर उचललं, पाहिलं, तोंडात घातलं.

यमुताईंनी परात उचलली आणि परत पाडली. या वेळी मुद्दाम! मी पाहिलं. त्या नत्थूकडे पाहत होत्या. नत्थू बोर चोखत होता.

बायका गेल्यावर हळूच म्हणाल्या, "रंभाबाई, याला ऐकू येत नाही का हो?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "माझ्या नातवाले बहिरा म्हणता? या घरचं हळदीकुंकू घेऊन? उठा!" त्या उठल्या. वाणही इथंच विसरल्या.

ता. १८ जानेवारी, सोमवार

मी स्वतः पाहिलं. सकाळी कोणी नसताना. पाठीमागून टाळी वाजवली, नाही. लोटा-भांडं आपटलं, नाही. "नत्थू, अरे नत्थू!" म्हटलं, नाही. पाय आपटला तेव्हा वळला. मला वाटलं आलं ऐकू! पण जमीन हलली म्हणून वळला असेल. परत हलक्या पावलानं गेले, कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं हाक मारली. माझा श्वास मानेला लागला तेव्हा गुदगुल्या होऊन हसला.

लाट मोडली तेव्हा झोपलेला होता तो. आणि मी गुणी म्हणत बसले!

ता. १९ जानेवारी, मंगळवार

जेवताना सगळ्यांना सांगितलं. देवरावच्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हटलं, हे आपल्या घराण्यात नाही. सूनबाईच्या मामाला ऐकू येत नाही, लग्नातच पाहिलं होतं, चार वेळा राम राम म्हटलं तेव्हा त्यानं एकदा म्हटलं. रक्तातून आलं.

हे म्हणाले, "तो मामा विहिरीत सुरुंग लावे वं! सुरुंगानं कान गेले त्याचे. पोटातून घेऊन आला नव्हता."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत.

सूनबाई वाढत होती. ती काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही. लग्नाला पाच वर्षं झाली, तिचा आवाज मी किती ऐकला असेन? आमच्या आळीत सगळ्या म्हणतात, रंभाबाई, सून मिळावी तर अशी.

ता. २३ जानेवारी, शनिवार

चार दिवस वेखंड उगाळून मधात चाटवते आहे. वेखंडानं जीभ सुटते. नत्थू तोंड वाकडं करतो पण चाटतो. आज दादाजी आले, बुधवार बाजारात बसतात ते, हाडं बसवतात, दात काढतात. जीभ वर करून पाहिली. म्हणाले, "काही नाही बाई, जिभेखालची तार आखूड आहे. एक चीर देतो, पोपटासारखा बोलतो पोरगा." येत्या बुधवारी यायचं ठरलं. रक्त निघेल का विचारलं तर म्हणाले, थोडंसं, हळद चेपायची.

देवराव घरी आला आणि ओरडला. तो बोलतोच ओरडून. "माय, त्याले ऐकू येत नाही अन् तू जीभ कापून राहिली? काहून? आधी डॉक्टरले दाखवू." यमुताईंनी त्याला रस्त्यात गाठलं होतं म्हणे. धरमपेठेत एक डॉक्टरीणबाई आहेत, मुंबईला शिकलेल्या, नाक-कानाचं पाहतात.

म्हणजे उठा म्हटल्यावरही त्या बाईनं सोडलं नाही.

ता. २८ जानेवारी, गुरुवार

धरमपेठेत जाऊन आलो. टांग्यानं. तिकडं किती मोकळं आहे! नवे नवे बंगले, फाटकाला नावं. एरवी मी चार दिवस त्याचंच सांगत बसले असते.

देवराव बाहेर बाकावर बसला, आम्ही दोघी आत. डॉक्टरीणबाईंचं नाव चारुशीला. वयानं आमच्या सूनबाईपेक्षा फार मोठ्या नसतील. कपाळावर, कुंकवाच्या वर, हा एवढा गोल आरसा बांधला, मधे भोक. नत्थू त्यात स्वतःला पाहून खुदकन हसला. मग काडीला कापूस गुंडाळून कान पुसायला लागल्या. एक बोळा, दोन बोळे, सात बोळे! आणि वास! मी पदर नाकाला लावला. मग लक्षात आलं, हाच वास रोज माझ्या हाताला असतो. आजवर मला तो वास वाटलाच नव्हता.

मग बारीक चिमट्यानं आतून काहीतरी काढलं आणि पांढऱ्या बशीत ठेवलं. लसणाचा तुकडा. दोन ओव्याचे दाणे. फुगलेले.

"हे कोणी घातलं?"

मी बशीकडे पाहत राहिले.

"तू आई ना याची?" बाई सूनबाईवर कडाडल्या. "शिकलेली नाहीस हे समजू शकते, पण डोळे आहेत ना? पू वाहणाऱ्या कानात रोज तेल? कुजलेल्या जखमेवर कोणी ओली चिंधी बांधून ठेवतं का?"

सूनबाई खाली पाहत राहिली. मी बशीकडे. बोलायला जागा होती! एक शब्द पुरे होता, मी! तो निघाला नाही. माझी जीभ कोणी बांधली होती?

मग बाईंनी देवरावला आत बोलावलं आणि सगळ्यांना समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. लेकरू जन्मलं तेव्हा ऐकत होतं. कानाच्या आत पडदा असतो, पातळ, कांद्याच्या सालीसारखा. सर्दी आतून कानात उतरते. त्यात आडवं निजवून बोंडल्यानं दूध पाजलं की तेही घशातून मागं कानाकडे जातं. तिथं पू होतो, पडदा फुटतो, कान वाहतो. वाहणं चांगलं नव्हे, आत कुजल्याची खूण आहे ती. "अकरा महिने हे मूल डोकं रांजणात बुडवल्यासारखं जगतंय. ज्याला शब्द ऐकूच आला नाही, ते तो शब्द बोलणार कुठून? जिभेला काही झालेलं नाही. जिभेला हात लावाल तर याद राखा!"

दादाजी काल यायचे होते, देवरावनं नको म्हणून निरोप धाडला होता. हळद तर मी काढूनही ठेवली होती.

कान कोरडा हवा. एवढंच औषध. कापसाची वात करून दिवसातून चारदा कान टिपायचा, मग पांढरी पूड फुंकायची. तेल नाही, पाणी नाही, बसवून पाजायचं. तीन महिन्यांत वाळला तर ऐकू येईल, बोलणंही येईल, उशिरा, पण येईल. नाही वाळला तर ऐकणं गेलं. आणि ऐकणं गेलं तर बोलणं गेलं.

देवरावनं सूनबाईला विचारलं, "समजलं? वात अन् पूड तुह्यावर."

ता. २९ जानेवारी, शुक्रवार

लसणाचा तुकडा डोळ्यांसमोरून जात नाही.

ता. ३१ जानेवारी, रविवार

खरं लिहू? आज कानात तेल घातलं. न्हाणीचं दार लावून. लसूण-ओवा नाही, नुसतं कोमट तेल, दोन थेंब.

तीन दिवस घातलं नाही तर जीव लागेना. लेकरू न्हाल्यासारखंच वाटेना. वाहता कान एकदम बंद केला तर घाण डोक्यात चढते हे मी माझ्या सासूकडून ऐकलं, तिनं तिच्या सासूकडून. त्या डॉक्टरीणबाईंना अजून लेकरू नाही. आणि आपल्या घाण्याचं तेल! बाजारचं असतं तर गोष्ट वेगळी. लोक उमरेडहून, कामठीहून येतात या तेलासाठी.

दोन थेंबांनी काय होते!

ता. ९ फेब्रुवारी, मंगळवार

परत धरमपेठ. बाईंनी आरसा लावला, पाहिलं, भुवया वर गेल्या. "अजून ओलाच? ओलावा येतो कुठून?" सूनबाईला विचारलं, वात चारदा घालतेस का? ती म्हणाली, "होय." खोटं बोलू नकोस म्हणाल्या. ती परत म्हणाली, "होय."

परतताना टांग्यात नत्थू घोड्याकडे पाहून हात हलवत होता.

मी ठरवलं, उद्यापासून एकच थेंब.

ता. १५ फेब्रुवारी, सोमवार

देवा!

नत्थूला काल रात्रीपासून ताप. अंगाला हात लावू देत नाही. उजव्या कानामागं सूज, कान पुढं ढकलल्यासारखा दिसतो. सकाळीच नेलं. डॉक्टरीणबाई या वेळी ओरडल्या नाहीत. हळू बोलल्या, त्यानंच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, पू हाडाकडे निघालाय. आठ दिवस वाट पाहू, कान अगदी कोरडा ठेवा, शेक द्या. उतरलं नाही तर मोठ्या दवाखान्यात हाड कोरावं लागेल. मग ऐकण्याचं सोडा, जीव वाचवायचं पाहू.

घरी आल्यावर देवरावनं सूनबाईला अंगणात उभं केलं. सगळी आळी ऐकत होती. "दोन गोष्टी सांगितल्या होत्या तुले. दोन! त्याही झाल्या नाही. उद्या तुले उमरेडले माहेरी सोडून येतो. लेकरू मायजवळ राहीन. माय बरोबर करते!"

माय बरोबर करते.

मी दाराआड उभी होते. हे वाक्य ऐकून मला घाम फुटला. माघ महिन्यात! तरी मी दाराबाहेर आले नाही. आत जाऊन नत्थूजवळ बसले. तो तापात माझं बोट धरून होता.

ता. १६ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी टांगा दाराशी आला. सूनबाईनं लुगडी पेटीत भरली. मी न्हाणीत पाणी काढत होते, तेव्हा ती आली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. म्हणाली, "आत्याबाई, वाती वळून ठेवल्या. आठ दिवसाच्या आहेत. चारदा टिपायचं. अन् न्हाणं झाल्याबरोबर एक वेगळी. त्या वातीले तेल लई येते, ती दोन-तीनदा बदलावी लागते."

डबा माझ्या हातात ठेवला आणि वळली. टोमणा नाही. वर पाहिलं पण नाही. मी डबा उघडला. वर पांढऱ्या स्वच्छ वाती, ओळीनं. खाली कागदाच्या पुडीत वापरलेल्या. पिवळ्या, तेलकट. आपल्याच तेलाचा वास.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी दार लावून ओतत होते आणि ती दार उघडल्याबरोबर टिपत होती. माझ्यामागून. रोज. धरमपेठेत दोनदा शिव्या खाल्ल्या, अंगणात नवऱ्याचा मार तेवढा राहिला, आणि वाती वळत होती!

पाटावर बसले. बाहेर टांगेवाल्यानं घोड्याला टिचकारी दिली तेव्हा उठले. ओल्या हातानं, डोक्यावर पदर नाही, तशीच रस्त्यावर गेले आणि टांग्याचा दांडा धरला.

"देवराव, उतर गा. तिले उतरव. तेल मी घालून राहिली."

"कोणतं तेल?"

"कानात. रोज. दार लावून."

त्याला ऐकू गेलं नाही की पटलं नाही, देव जाणे. परत म्हणावं लागलं. मोठ्यानं. इंदुताई दारात होत्या, त्यांची सासू खिडकीत, पाण्याला निघालेल्या दोघी घागरी घेऊन थांबलेल्या. सगळ्यांनी ऐकलं. बरं झालं. हळू सांगितलं असतं तर उद्या मी परत फिरले असते.

देवराव ओरडेल असं वाटलं. ओरडला नाही. खाली उतरला, पेटी उचलली आणि घरात नेऊन ठेवली.

हे घाण्यावरून आले. माझ्या कडवलेल्या तेलाची बाटली उचलली त्यांनी आणि उकिरड्यावर रिती केली. म्हणाले, "सारी उमर तेल विकलं वं मी. पण असं तेल मी नाही विकलं कोणाले."

ता. १७ फेब्रुवारी, बुधवार

देवराव माझ्याशी बोलत नाही. ताप आहेच.

ता. १९ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप आहे. सूज तेवढीच. शेक मी देते, विटेला फडकं गुंडाळून. वाती ती घालते. आम्ही दोघी नत्थूच्या दोन बाजूंना बसतो.

ता. २१ फेब्रुवारी, रविवार

पहाटे कान फुटला, सगळं बाहेर आलं. मला वाटलं संपलं! सूनबाई म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाहेर फुटला तर चांगलं. टिपत राहिली. दहा वाजता अंग गार. लेकरू उठून बसलं आणि भाकर मागितली. म्हणजे बोटानं.

ता. १० मार्च, बुधवार

दोन्ही कान कोरडे! डॉक्टरीणबाईंनी आरसा दोनदा लावून पाहिला. उजव्याचा पडदा भरून येतो आहे. डाव्याचं सांगता येत नाही म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं. मी म्हटलं, बाई, ते मी केलं होतं, हिनं नाही. त्यांनी कपाळावरचा आरसा सोडून ठेवला. मग सूनबाईकडे वळून म्हणाल्या, "मी तुला फार बोलले." आमची सूनबाई लाजली! डॉक्टरीण तिची माफी मागते! मी अशी कधी कोणाची मागितली नाही. मला येतही नाही. येताना टांग्यात तिच्या मांडीवर शाल टाकली, थंडी नव्हती तरी.

मला म्हणाल्या, आता याच्यासमोर बसून बोला. भरपूर बोला. वर्षभराचं ऐकणं राहिलंय त्याचं.

बोला म्हणजे? हे तर मला सांगायलाच नको! सकाळपासून सुरू केलं. हा लोटा, ही चूल, हे मांजर, ते तुझे आजोबा, कामधंदा सोडून बसले आहेत.

यमुताईंकडे गेले. त्यांचं वाण घेऊन, दोन महिन्यांनी. त्यांनी घेतलं. वही पाहिली नाही, शुद्धलेखन तरी पाहू का म्हणाल्या. मी म्हटलं, नको!

ता. २७ मार्च, शनिवार

धुळवड. गल्लीतून ढोल निघाला. नत्थू माझ्या कडेवर. ढोलाची पहिली थाप पडली आणि तो असा दचकला, असा दचकला की माझ्या नाकावर डोकं आपटलं! मग भोकाड. कान दाबून, तोंड माझ्या मानेत खुपसून. मी नाचले! लेकरू भिऊन रडतं आणि आजी रस्त्यात नाचते! ढोलवाले पण थांबले. "काय झालं गा म्हातारीले?" ऐकू आलं! माझ्या नातवाले ऐकू आलं! माझ्या नाकातून रक्त येत होतं, लोकांना वाटलं गुलाल.

देवराव माझ्याशी बोलला. म्हणाला, "माय, नाक पूस."

ता. ११ एप्रिल, रविवार

आता गुणी राहिला नाही नत्थू. घाणा कुरकुरला की उठतो. मांजर ओरडलं की रडतो. माझी पण झोप गेली. जाऊ दे.

न्हाऊ सूनबाई घालते. मी पाणी तापवते.

काल इंदुताईकडचं बोलावणं आलं, त्यांच्या नव्या लेकराला न्हाऊ घालायला. गेले. पायांवर घेतलं, अंग चोळलं, कानात तेल घातलं नाही. सांगितलं, घालू पण नका, आणि कान वाहिला तर बरं समजू नका. इंदुताईची सासू म्हणाली, "डॉक्टरीण झाल्या वाटते रंभाबाई! आरसा कुठं ठेवला?" मी म्हटलं, "करायले दिला सोनाराकडे." हसल्या सगळ्या. आज त्यांनी दुसऱ्या बाईला बोलावलं. तेलाची वाटी घेऊन जाताना पाहिलं तिला. उद्या परत जाऊन सांगते. हाकललं तर हाकललं.

आळीतली लेकरं डोळ्यांसमोर येत राहतात. रुपरावचा थोरला चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नाही, शाळेत ढ म्हणून बाकावर उभा असायचा, शेवटी शाळा सोडून गुरं राखायला लागला. त्याला मी न्हाऊ घातलं होतं. आणि आमचा देवराव! तो इतका ओरडून बोलतो ते मी घाण्याच्या आवाजानं म्हणत होते. आज जेवताना त्याच्या डाव्या बाजूनं हळूच विचारलं, "आणखी भाकर वाढू?" त्यानं वर पाहिलं नाही. उजव्या बाजूनं विचारलं तर म्हणाला, "अर्धी."

ता. २ मे, रविवार

नत्थू "बा बा बा" करतो, दिवसभर! हे म्हणतात मला बाबा म्हणाला. देवराव म्हणतो, बाप मी आहे. भांडून राहिले दोघं! यमुताई म्हणाल्या, तो अजून शब्द नाही, तोंड तयार करतोय. माणूस पाहून, समजून, हाक मारेल तो शब्द. सूनबाई काही म्हणत नाही, पण तो बा म्हणाला की तिचे ओठ हलतात. आ, आ. शिकवते. ती चोरून शिकवते, मी चोरून शिकवते, आजी, आजी. पाहू कोण जिंकते!

ता. ११ मे, मंगळवार

नत्थू बोलला. पहिला शब्द. बाबा नाही, आई नाही, आजी नाही.

मी ओट्यावर कैऱ्या चिरत होते. तो उंबऱ्यात बसला होता, आत तोंड करून. माझ्यासारखी मान ताणली, माझ्यासारखाच सूर लावला आणि स्वयंपाकघराकडे पाहून ओरडला, "भवाने!"

या वहीत मी तिला सूनबाई लिहिते. तोंडानं काय म्हणते ते एकदाही लिहिलं नाही.

आतून सत्यवती म्हणाली, "आली, आत्याबाई."